मोज्याची शाळा

आपल्या वेळापत्रकात गणिताची तासिका सकाळी, डोके ताजे असताना असे आणि कार्यानुभव दिवसाच्या शेवटी. त्यातही वाटणी ठरलेली : मुलींना शिवण-विणकाम, मुलांना पुठ्ठाकाम आणि बागकाम. ही वाटणी कोणी केली, हे आपण कधी विचारले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने तो प्रश्न एका अगदी साध्या वस्तूला धरून विचारतो आहे. ती वस्तू म्हणजे हाताने विणलेला मोजा.

मोजा आपला नव्हे. शब्द फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ उंच बूट. दख्खनच्या हवेत पायाला वहाण पुरे. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण नाजूक त्वचेला ती बोचते. त्यामुळे मोज्याचा इतिहास शोधायला बाहेर जावे लागते, आणि तो सापडतो थेट इजिप्तमध्ये.

नाईल नदीकाठी रोमन सम्राट हेड्रियनने इ. स. १३० मध्ये अँटिनोपोलिस हे शहर वसवले. तिथल्या उकिरड्यात सापडलेला लहान मुलाचा डाव्या पायाचा लोकरी मोजा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वय सुमारे १७०० वर्षे. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्याला अंगठा वेगळा ठेवलेला आहे. दोन सुयांचे विणकाम तेव्हा आले नव्हते. हा मोजा एकाच सुईने धाग्याचे फास एकमेकांत ओवून केला आहे. त्यावर सात रंगांचे पट्टे आहेत. संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये विशेष छायाचित्रणाने तपासले तेव्हा दिसले की हे सारे रंग तीनच वनस्पतींचे : आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा लाल, वोड नावाच्या झाडाच्या पानांतला निळा (रंगद्रव्य आपल्या निळीतलेच) आणि वेल्ड या रानरोपाचा पिवळा. एका रंगावर दुसरा चढवून बाकीच्या छटा काढलेल्या. एवढासा पाय, तोही वाढता; काही महिन्यांत मोजा लहान होणार हे करणाऱ्याला ठाऊक होते. तरी रंगवण्यात कंजुषी केलेली नाही.

हाताने सूत रंगवणे आजही फारसे बदललेले नाही. लोकरीची लडी चार ठिकाणी सैल बांधायची, तुरटीच्या पाण्यात मुरवायची, मग रंगाच्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची. घाईने ढवळले किंवा गरमातून एकदम थंडात टाकले की लोकर आटते आणि तिचा नमदा होतो. अशा दोन लडी तंतोतंत सारख्या उतरत नाहीत. म्हणून जाणती माणसे अशा सुताला साधी सुलट वीणच घेतात. रंगातला चढउतार हीच नक्षी. वर आणखी वेलबुट्टी घातली तर दोन्ही हरवतात.

मोजा विणणे हे मात्र निव्वळ गणित. पावलाचा घेर २२ सेंटिमीटर असेल तर मोजा २० चा हवा, म्हणजे तो ताणून नीट बसतो. १० सेंटिमीटरमध्ये ३२ टाके येत असतील तर एकूण ६४. चार सुयांवर सोळा-सोळा, पाचवी सुई विणायला. वरची पट्टी एक सुलट, एक उलट, म्हणजे घसरत नाही. टाचेला ३२ टाके वेगळे काढून पुढे-मागे विणायचे, मग कडेचे टाके उचलून पुन्हा गोल जायचे, आणि बोटांकडे एकाआड एक फेरीत चार टाके कमी करायचे. तळव्याखाली गाठ येऊ द्यायची नाही. गुणोत्तर, सममिती, भागाकार हे सारे ज्या विषयात आहे, तो दिवसाच्या शेवटच्या तासिकेत ढकललेला होता.

हा विषय शाळेत आला तो पोटासाठी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील लिंकन, यॉर्क यांसारख्या नगरांनी गरीब मुलांसाठी विणकामाच्या शाळा काढल्या, कारण विणलेल्या मोज्यांना बाजार होता. त्यात मुलगी-मुलगा भेद नव्हता. यॉर्कशायरमधील डेंट गावात पुरुष, बायका, मुले सारेच चालता-बोलता विणत. त्याच गावच्या पाद्रींचा मुलगा अॅडम सेजविक पुढे केंब्रिजला भूशास्त्राचा प्राध्यापक झाला. शेजारणी-पाजारणी एका शेकोटीभोवती जमून विणत आणि कोणी वाचून दाखवी, अशी आठवण त्याने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. मोजे विणण्याचे यंत्रही केले ते एका पाद्रीने, विल्यम ली याने, १५८९ मध्ये. यंत्रे वाढत गेली तशी हातविणीची किंमत घसरली. ज्यात पैसा उरला नाही ते काम मग ‘बायकी’ ठरले.

पहिल्या महायुद्धात हे चित्र थोडा काळ उलटले. खंदकातल्या चिखलपाण्यात सैनिकांचे पाय सडू लागले. उपाय म्हणजे कोरडे मोजे, वरचेवर बदललेले. १९१७ मध्ये अमेरिकेत ज्युनिअर रेडक्रॉस निघाली आणि वर्गावर्गांत मुलींबरोबर मुलगेही सुया घेऊन बसले. युद्ध संपल्यावर मुलग्यांच्या हातच्या सुया पुन्हा गेल्या.

आपल्याकडे विणकामाच्या सुया वेगळ्या वाटेने आल्या. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. तिथे शिवण-विणकाम हे विधवा आणि गरजू स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करण्याचे साधन होते. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योग हाच शिक्षणाचा गाभा मानला, आणि तकली मुलामुलींच्या सारखीच हाती आली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला, तोही सर्वांसाठी. मुलींनी विणावे आणि मुलांनी पुठ्ठा कापावा, हे त्यातल्या कोणी सांगितले नव्हते. ते आपल्या सवयीने ठरले. आणि १९६२ च्या हिवाळ्यात हिमालयातल्या जवानांसाठी देशभर लोकरी कपडे विणले गेले, तेव्हा ज्यांना विणता येत होते त्या बहुतेक स्त्रियाच होत्या. बाकीच्यांनी वर्गणी दिली.

आपल्या बॅचमधल्या मुलींनी त्या तासाला जे शिकून घेतले त्यावर कित्येकींनी नातवंडांचे पाय उबदार ठेवले आहेत. मुलग्यांच्या हाती ही विद्या आलीच नाही, आणि त्यात नुकसान आमचे झाले. आता बहुतेक जण निवृत्त आहोत, वेळ आहे. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास मोकळे आहेत असे कळते. ज्या बाईंनी तेव्हा आम्हाला खिडकीबाहेर बागकामाला पाठवले, त्या येणार असतील तर त्यांनी या वेळी आम्हालाही वर्गात बसवून घ्यावे. पाच सुया आणि एक लडी आम्ही घेऊन येऊ. टाच वळवायला मात्र त्यांनीच शिकवावे.