शाळेची वाट

शाळा सुटली की मी फाटकाशी उभा राहतो. मुले सायकलींवर टांग मारतात आणि मी सवयीने ओरडतो, “कडेने जा रे!” हॉलंडची हकिगत वाचल्यापासून मात्र या ओरडण्याची मला थोडी लाज वाटू लागली आहे.

सायकलींचा तो देश; पण महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि एकट्या १९७१ साली तिथे सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. शाळेच्या वाटेवर मोटारीने बळी घेतलेल्या एका मुलीच्या पत्रकार बापाने १९७२ मध्ये हाक दिली, ‘बालहत्या थांबवा!’ त्या हाकेत ‘अपघात’ हा शब्द नव्हता. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांनी रस्ते अडवले. पुढे सायकलींना वेगळ्या वाटा मिळाल्या. १९७६ साली वस्तीतल्या काही गल्ल्यांत मोटारीने माणसाच्या चालीनेच जावे, असा नियम झाला. आज तिथे चौदा वर्षांखालच्या मुलाला मोटारीची धडक बसली, तर चूक मुलाची असली तरी भरपाई सहसा मोटारवाल्याकडेच येते.

मुलांना सावधपणा शिकवावाच; पण ज्याच्या हाती बळ, त्याने आधी जपावे. या दिवाळीत पोराला नवी सायकल घेणाऱ्या बापाने आपल्या मोटारीचा वेगही जरा आठवावा.