बझूका
बझूका : खांद्यावरून रॉकेट डागण्याचे अमेरिकी पायदळाचे रणगाडाविरोधी शस्त्र. लेस्ली स्किनर व एडवर्ड उल या लष्करी अधिकाऱ्यांनी विकसित केलेले हे शस्त्र १९४२ मध्ये सैन्यात आले. रचना अगदी साधी. दोन्ही टोकांना उघडी, सुमारे ६० मिमी. व्यासाची पोलादी नळी. घोडा ओढताच लाकडी दस्त्यातील बॅटरीच्या विजेने रॉकेट पेटे. ज्वाळा मागून निघून जात असल्याने खांद्याला धक्का बसत नसे. नळीमागे उभ्या असलेल्याची मात्र धडगत नसे. रॉकेटच्या टोकातील पोकळ शंकूभोवतीची स्फोटके चिलखत भेदत. जर्मनांनी हाती लागलेल्या नमुन्यांवरून ८८ मिमी.चे पान्झरश्रेक बनवले; ते मूळ शस्त्राहून सरस ठरले. १९५० मध्ये कोरियात टी-३४ रणगाड्यांपुढे जुन्या बझूकाचे काही चालेना, तेव्हा ८९ मिमी.चा सुपर बझूका घाईघाईने विमानांतून पाठवावा लागला.