टिनाखालचा माळा

पुण्या-मुंबईकडे ज्याला कौल म्हणतात, त्याला आमच्या वर्धा जिल्ह्यात कवेलू म्हणतात. तिकडचा गोठा तो इकडचा कोठा. आणि तिकडचा पत्रा म्हणजे आमचं टिन. खरं तर या टिनात टिन, म्हणजे कथील, औषधालाही नसतं. ते असतं जस्ताचा थर दिलेलं पोलाद. पण घरावर टिन पडलं, कोठ्याचं टिन उडालं, टिन तापलं, असंच आम्ही बोलत आलोय.

हा लेख टिनाबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर टिनाच्या खाली बसवलेल्या दुसऱ्या टिनाबद्दल. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या काकांनी कोठ्याला लोखंडी पत्र्याचं सीलिंग करून घेतलं. गावात चार दिवस चेष्टा झाली, कारण सीलिंग हा प्रकार लोकांनी बँकेत आणि मोबाइलच्या दुकानात पाहिलेला. मला मात्र ते बघून वाटलं, की ही नवी गोष्ट नाही. ही आपल्याच घरातून शंभरेक वर्षांत हळूहळू निघून गेलेली एक जुनी गोष्ट आहे, वेगळ्या धातूत परत आलेली.

कागदाची घडी

एक साधा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवा. मधोमध तो झोळीसारखा खाली येईल. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. तो ताठ उभा राहील, वर मोबाइल ठेवला तरी पेलेल. कागद तोच, वजन तेच, फक्त आकार बदलला. नालीदार पत्र्याचं सगळं रहस्य इतकंच आहे.

हे रहस्य लोखंडावर वापरण्याचं पेटंट १८२९ साली लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरने घेतलं. गोदीत माल ठेवायला मोठमोठी छपरं हवी होती आणि त्याखाली खांबांची गर्दी नको होती. पातळ पत्र्याला लाटा दिल्या की तो लांब अंतर स्वतःच पेलतो, खाली जाड लाकूड लागत नाही. अडचण एकच होती. लोखंड गंजतं. १८३७ साली स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच माणसाने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जस्ताचा थर आधी स्वतः झिजतो आणि आतलं लोखंड वाचवतो. हलकं, ताठ आणि न गंजणारं असं छप्पर तयार झालं. शिवाय ते एकावर एक रचून जहाजात भरता येत होतं. साम्राज्याला आणखी काय पाहिजे?

रुळांवरून आलेलं छप्पर

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. वर्धा शहर १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर आखून वसवलं गेलं. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, ती वर्ध्यावरूनच. ही सगळी घाई एका पिकासाठी होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस अडला होता आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीवर होती. हिंगणघाटचा कापूस तर त्याआधीपासून नावाजलेला होता.

कापसासाठी छप्पर लागतं. सरकी काढायला जिनिंग, गाठी बांधायला प्रेस, गाडी येईपर्यंत माल ठेवायला गोदाम. गवताचं छप्पर तिथे चालत नाही, एक ठिणगी पुरते. कवेलूचं चालतं, पण त्याचं वजन पेलायला लाकूडफाटा भरपूर लागतो. पत्रा पेटत नाही, हलका असतो आणि खालची जागा मोकळी ठेवतो. म्हणून कापसाच्या या मुलखात पत्र्याचा पहिला मान माणसांच्या घरांना नाही, मालाला मिळाला. पुलगाव, हिंगणघाट, वर्धा, आर्वी या गावांतल्या जुन्या जिनिंगच्या शेड अजूनही बघा. खांब, कैची आणि वर लांबच लांब टिन.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी माल, मग माणूस. पुढे त्याची गरज पडणार आहे.

कवेलू, वांदरं आणि माळा

त्या काळात माणसं राहत होती मातीच्या भिंतींत. वर सागाचं आढं, त्यावर फाटे, त्यावर बांबूच्या कमच्या आणि वर कुंभाराने थापलेले कवेलू. पुढे इंग्रजी कवेलू आले. त्यांना आपण इंग्रजी म्हणतो, पण ते मंगळूरचे, आणि तो कारखाना १८६५ मध्ये काढला होता बासेल मिशनच्या लोकांनी.

कवेलूचं छप्पर श्वास घेतं. दोन कवेलूंमधल्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि माती उशिरा तापते. पण जुन्या घराचा थंडावा एकट्या कवेलूचा नव्हता. कवेलूच्या खाली, माणसाच्या डोक्यावर, लाकडी फळ्यांचा किंवा बांबू-मातीचा माळा असायचा. त्यावर धान्याच्या कोथळ्या, बी-बियाणं, कांदे, जुनी भांडी. छप्पर तापलं की ती आच माळ्यावर अडायची. मधली हवा छपराच्या फटींतून बाहेर पडायची. घराला दोन छपरं होती. एक पावसासाठी, एक उन्हासाठी. दुसऱ्याला कोणी छप्पर म्हणत नव्हतं, एवढंच.

याच जिल्ह्यात या विचाराचं सगळ्यात प्रसिद्ध घर उभं आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी, भर उन्हाळ्यात, गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले. १९४० मध्ये त्याच सेगावचं सेवाग्राम झालं. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती आधी मीराबेनसाठी बांधलेली होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू असं आसपास मिळणारंच सामान. पडवी अशी खाली उतरलेली, की ऊन भिंतीला थेट लागत नाही. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हा विचारवंत सेवाग्रामला आला आणि या कुटीत बसून काय जाणवलं ते त्याने भाषणात सांगितलं. सामान ठेवायची जागा आणि माणूस राहतो ते घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याच्या बोलण्याचा गाभा. जिनिंगच्या शेडपासून ही कुटी काही मैलांवर आहे, हे मला त्यात जोडावंसं वाटतं.

पण कुटीचं कौतुक करताना एक गोष्ट आपण विसरतो. कवेलूचं घर म्हणजे दरवर्षीचं काम. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे. फुटलेले काढायचे, सरकलेले बसवायचे, कुजलेला फाटा बदलायचा. हे काम जाणणारी माणसं कमी झाली, साग महाग झाला, कुंभाराची भट्टी विझली. आणि वरून वांदरं. त्यांची एक टोळी घरावरून धावत गेली की शंभर कवेलू गेले म्हणून समजा. आमची आजी म्हणायची, "पावसाचं भेव नाही वाटत मले, वांदराचं वाटते." टिन आलं ते या त्रासावरचा उतारा म्हणून. एकदा टाकलं की पंधरा-वीस वर्षं बघायला नको. गरीब माणसाने टिन घेतलं ते अडाणीपणाने नव्हे. पावसात रात्रभर भांडी मांडत बसायला तो कंटाळला होता.

फक्त एक झालं. टिनाला खाली जाड लाकूड लागत नाही, तेव्हा लाकडाबरोबर माळाही गेला. दोन छपरांच्या घराला एकच छप्पर उरलं.

काकांचा कोठा

एक छप्पर आणि तेही टिनाचं असलं, की काय होतं ते नवतपात कळतं. मे संपताना पारा ४५ च्या घरात असतो. पातळ पत्रा मिनिटांत तापतो आणि मग स्वतःच चूल होऊन खाली आच फेकतो. ही आच हवेतून येत नाही, थेट अंगावर येते, शेकोटीसमोर येते तशी. म्हणून टिनाखाली पंखा लावला तरी डोकं तापलेलंच राहतं. आणि पत्रा जुना होऊन गंजला की नव्या चकचकीत पत्र्यापेक्षा जास्त आच फेकतो.

काकांकडे दोन संकरित गाई आहेत आणि एक गवळाऊ. गवळाऊ ही आमच्या जिल्ह्याची जात, पांढरी, सडपातळ, पळायला चपळ, आर्वी-कारंजा-आष्टीच्या रानातली. तिला ऊन फारसं लागत नाही. संकरित गाई मात्र धापा टाकतात, चारा सोडतात आणि दूध आटवतात. सिमेंटच्या खांबांवर लोखंडी कैच्या आणि वर टिन, असा हा उघडा कोठा. आधी टिनावर पऱ्हाट्या टाकून पाहिल्या, मग हिरवी जाळी, मग ओले बारदाने. काका म्हणाले, "टिन तापलं का मंग ढोरंच काय, मानूसई थांबत नाही तेथं." शेवटी गावच्या वेल्डिंगवाल्याने सुचवलं, की खालून दुसरा पत्रा मारू.

ते काम मी दोन दिवस बघितलं आणि हाताखालीही केलं. आधी पाण्याच्या नळीने सगळ्या खांबांवर एकच पातळी आखली. त्या रेषेवर कैच्यांच्या खालच्या अंगाला आडव्या लोखंडी पट्ट्या जोडल्या. मग पांढऱ्या रंगाचा, ०.३५ मिलिमीटर जाडीचा पत्रा खालून वर धरायचा. दोघांनी बांबूच्या टेकूने तो उचलून ठेवायचा आणि तिसऱ्याने स्क्रू मारायचे. पहिला पत्रा सरळ लागला पाहिजे. तो बोटभर तिरपा गेला, तर शेवटच्या खांबापाशी हातभर फरक पडतो.

एक गंमत त्या मिस्त्रीकडून कळली. छपराच्या पत्र्याला भोक नेहमी लाटेच्या उंचवट्यावर पाडायचं, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. सीलिंगला उलटं. तिथे पाऊस नाही, म्हणून स्क्रू सपाट भागात मारायचा, पट्टीला चिकटतो तिथे. धातू तोच, पण काम बदललं की भोकाची जागा बदलते.

वजनाची भीती सगळ्यांना होती. हिशेब करून बघा. पोलादाचा एक घनमीटर सुमारे ७,८५० किलोचा. ०.३५ मिलिमीटरचा सपाट पत्रा चौरस मीटरला पावणेतीन किलो, लाटा आणि सांधे धरून तीनच्या थोडा वर. २७ चौरस मीटरच्या कोठ्याला नव्वद किलोच्या आसपास. धड असलेल्या कैचीला एवढं जड नाही.

खरं महत्त्व होतं मधल्या रिकाम्या जागेला. ती दोन्ही टोकांना उघडी ठेवली, उंदीर-चिमण्यांसाठी फक्त जाळी लावली आणि वर आढ्यापाशी हवा जायला फट ठेवली. ही वाट बंद केली तर तापलेली हवा तिथेच कोंडते आणि खर्च पाण्यात जातो. विजेची वायर पाइपातून नेली. कोठ्याच्या बाजू उघड्याच राहिल्या, कारण जनावरांचा श्वास आणि मुताची वाफ खालच्या पत्र्याला गंजवते.

थोडक्यात, वर पावसासाठी एक, खाली उन्हासाठी एक आणि मध्ये वाहती हवा. मिस्त्रीला विचारलं तर तो याला सीलिंग म्हणेल. माझी आजी असती तर तिने माळा म्हटलं असतं, आणि वर काय ठेवायचं ते लगेच ठरवलं असतं.

कोणाच्या डोक्यावर दोन

त्या वर्षी गाई दुपारीही कोठ्यातच बसून रवंथ करू लागल्या. काकांनी खर्चाचा हिशेब दुधात मांडला आणि तो त्यांना परवडला.

कोठ्याला लागूनच सालदाराची खोली आहे. विटांच्या भिंती, वर एकच टिन. तिथे तो, त्याची बायको आणि दोन मुलं राहतात. उन्हाळ्यात दुपारी ती मुलं कोठ्यात येऊन बसतात, गाईंच्या बाजूला, कारण तिथे गार असतं. मी काकांना म्हटलं, उरलेले पत्रे तिकडे लावू. ते म्हणाले, "पाहू." वाईट माणूस नाहीत ते. पण गाईला लावलेला पत्रा दुधात परत येतो. माणसाची झोप कोणत्या वहीत लिहायची?

सरकारी वह्यांनाही हाच प्रश्न पडतो. २०२१ पासून रोजगार हमीतून गाई-म्हशींच्या पक्क्या कोठ्यासाठी ७७,१८८ रुपये मिळण्याची सोय झाली आणि त्यात ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद अशी मापं लिहून दिली. ग्रामीण घरकुलासाठी, २०१६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा, सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये ठरले. इतक्या पैशात भिंती उभ्या राहतात आणि डोक्यावर एक काहीतरी येतं. दुसऱ्याचा विचार तिथपर्यंत पोचतच नाही.

पर्याय सुचले नाहीत असंही नाही. वर्ध्यातच, १९७० च्या दशकात देवेंद्र कुमारांनी सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या निमुळत्या पोकळ नळ्या एकात एक घालून कमानीचं छत उभं करून दाखवलं. लाकूड नको, लोखंड नको, आणि नळ्यांच्या पोकळीतली हवा हाच माळा. ते छत टिकतं. पण ते बांधायला कुंभार लागतो, शिकलेला गवंडी लागतो आणि वेळ लागतो. टिन तालुक्याच्या दुकानात संध्याकाळपर्यंत मिळतं.

म्हणून मला कवेलू की टिन हे भांडण खोटं वाटतं. टिन परत जाणार नाही, आणि ज्यांनी गळक्या घरात रात्री काढल्या त्यांना ते परत पाठवा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. हरवलं ते कवेलू नव्हे, दुसरं छप्पर. ते लाकडाचं असो, मातीचं असो, की नव्वद किलो पांढऱ्या पत्र्याचं. कापसाला टिन माणसाच्या आधी मिळालं होतं. माळाही आता गाईला माणसाच्या आधी मिळतोय. दीडशे वर्षांत क्रम बदललेला नाही, आणि तो बदलायला कोणता शोध लागायचा बाकी आहे असंही नाही.