दाखल-खारीजमधली तारीख

मंडळी, आमच्या भागातल्या जुन्या माणसांचा शाळेचा दाखला कधी पाहिलात का? निम्म्यांची जन्मतारीख १ जून, नाहीतर १ जुलै. आता इतकी माणसे एकाच दिवशी कशी जन्मतील? ती तारीख गुरुजींनी टाकलेली असते. मीही टाकल्या आहेत.

आलापल्लीच्या आसपासच्या खेड्यांत मी शिकवत होतो तेव्हा आई लेकराला घेऊन यायची. "कधी झाला?" विचारले की म्हणायची, "मोहा वेचायच्या दिवसांत झाला, गुरुजी." वर्ष काही सांगता यायचे नाही. मग पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. हात पोचला की सहा वर्षे पूर्ण! तेवढी वर्षे वजा करून दाखल-खारीज रजिस्टरात तारीख लिहिली की काम झाले. या तारखेचे पुढे न्यायालयात काय होते, याचा विचार मी नोकरीत असताना कधी केला नाही. निवृत्तीनंतर देसाईगंजच्या खटल्याविषयी वाचले आणि केला.

देसाईगंज म्हणजे आपले वडसा. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला, त्याआधी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका अनाथ आदिवासी मुलीला जबाबासाठी तिथल्या पोलीस ठाण्यात आणले होते. तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावानेच दिली होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवले आणि तिला एकटीला थांबवून घेतले. एका कॉन्स्टेबलने आपल्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने अतिप्रसंग केला, असे तिने बाहेर जमलेल्या लोकांना सांगितले. हाच तो 'मथुरा खटला'.

दुसऱ्या दिवशी रात्री डॉक्टरांनी तिला तपासले. अंगावर जखम नाही, वय १४ ते १६ च्या दरम्यान, असा अहवाल आला. आता हे आकडे नीट पाहा. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे मुलगी १६ वर्षांखालील असली तर तिच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वय सिद्ध झाले असते तर ती ओरडली का, झटापट केली का, अंगावर खुणा का नाहीत, हे विचारण्याची गरजच उरली नसती. पण ती १६ च्या आतली असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने ठरवले, तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले आणि दोघांना सोडून दिले. निकालाची तारीख १ जून १९७४. योगायोग म्हणायचा, दुसरे काय!

पुढे सगळा वाद संमतीवर गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी सांगितले की भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे. एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकाराची हकीकत खरी मानता येत नाही, असे कारण दिले.

वर्षभराने उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर ती नव्हतीच असे धरून चालायचे, अशी तरतूद आली. आमच्या जंगलातल्या एका मुलीमुळे सगळ्या देशाचा कायदा बदलला, हे खरेच. तिला स्वतःला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

पण वयाचा प्रश्न तिथेच राहिला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ही मर्यादा १८ वर नेली. काही गुन्ह्यांत आरोपीच दोषी आहे असे गृहीत धरले जाते, मात्र पीडित अज्ञान आहे हे सरकार पक्षाला आधी सिद्ध करावेच लागते. त्यासाठी पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या प्रमाणपत्राला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. काहीच नसेल तर हाडांची तपासणी, आणि तिच्यात दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात.

म्हणजे फिरून आमचे रजिस्टरच! सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच एका निवडणूक खटल्यात सांगितले होते की शाळेतली तारीख कोणी आणि कशावरून सांगितली हे कळल्याखेरीज तिला फारसे वजन नाही. २०२३ मध्ये एका पॉक्सो खटल्यात नुसती टीसी आणि दाखल नोंदीचा उतारा अपुरा ठरला आणि आरोपी त्या कलमातून सुटला. ऐकून वाईट वाटते, पण उलट बाजूही पाहिली पाहिजे. याच कायद्यात १६ खालील मुलीवरील बलात्काराला किमान २० वर्षे शिक्षा आहे. माझ्या अंदाजाने लिहिलेल्या तारखेवर कोणाला २० वर्षे आत टाकायचे? आणि खरोखर लहान असलेल्या मुलीला मी दोन वर्षांनी मोठी करून ठेवली असेल तर?

या प्रश्नाला माझ्याकडे सोयीचे उत्तर नाही. साक्षीला बोलावणे आलेच तर कान धरायला लावला होता, हे खरे तेच मी सांगेन. त्याने खटला कोणाच्या बाजूला झुकेल, कोण जाणे.

आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, २१ दिवसांत जन्माची नोंद विनाशुल्क होते. नातवंडांचे दाखले काढून ठेवा आणि शाळेत घालताना तीच तारीख लिहिली आहे ना, एवढे पाहा. आणि शेजारपाजारच्या एखाद्या लेकराची नोंद राहिली असेल तर त्याच्या आईबरोबर ग्रामपंचायतीपर्यंत जाऊन या. असो.