भाकरी, कष्ट आणि भाषा : केडगावच्या ‘मुक्ती’तील दारिद्र्यविचार

मराठीत ‘गरीब’, ‘दरिद्री’ आणि ‘दीन’ हे शब्द आपण बहुधा एकमेकांच्या जागी वापरतो. ग्रीक भाषेत मात्र दारिद्र्याच्या दोन अवस्थांसाठी दोन वेगळे शब्द होते. ‘पेनेस’ म्हणजे हातावर पोट असलेला. कष्ट केले तर खाईल, पण गाठीला काही नाही असा माणूस. ‘प्तोखोस’ म्हणजे ज्याच्याजवळ कष्टाचे साधनही उरलेले नाही, जो दुसऱ्याच्या दाराशी अंग चोरून बसला आहे असा याचक. नव्या करारात येशू ज्यांना धन्य म्हणतो, त्यांच्यासाठी हा दुसरा शब्द आला आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो नुसताच येतो. मत्तय त्याला ‘आत्म्याने’ अशी पुस्ती जोडतो. ख्रिस्ती परंपरेतील दारिद्र्यविचार पुष्कळदा या पुस्तीभोवतीच फिरत राहिला. लूकच्या बाजूने गेले की भुकेल्याचे पोट समोर येते. मत्तयच्या बाजूने गेले की अंतःकरणाची नम्रता. दुसरे वाचन खोटे नव्हे. पण श्रीमंताला ते अधिक सोयीचे आहे, हे नाकारता येत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात केवळ धर्मशास्त्राच्या वर्गात राहिला नाही. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांनी तो रस्त्यावर आणून ठेवला. चर्चने गरिबासाठी काय करावे, याचे त्या काळात जे उत्तर पंडिता रमाबाईंनी केडगावच्या माळावर उभे केले, ते त्यातील ताणांसह पुन्हा वाचण्यासारखे आहे.

रमाबाईंविषयी लिहिताना त्यांचे पांडित्य, धर्मांतर आणि स्त्रीशिक्षणाचे कार्य यांचा उल्लेख आवर्जून होतो. त्या स्वतः दुष्काळातून वाचलेल्या होत्या, ही गोष्ट मात्र चरित्राच्या पहिल्या प्रकरणात येऊन तिथेच राहते. वस्तुतः पुढच्या साऱ्या कार्याची किल्ली तिथेच आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते. तीर्थक्षेत्री पुराणे वाचून कुटुंबाचा निर्वाह चाले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात हा आधार तुटला. आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘साक्षी’त रमाबाईंनी या दिवसांचा जो वृत्तांत दिला आहे, त्यात करुणेइतकीच एक कठोर आत्मपरीक्षा आहे. उरलासुरला पैसा दानधर्मात आणि देवकार्यात गेला. कोणतेही उपयुक्त काम हाताला येत नव्हते, आणि जातीचा व विद्येचा अभिमान मजुरी करू देत नव्हता. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला, तेव्हा कुठे भावाने अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दाखवली. तोवर उशीर झाला होता.

म्हणजे रमाबाईंच्या अनुभवात दारिद्र्य हा केवळ धान्याचा अभाव नव्हता. पोथी होती पण हातात कसब नव्हते. प्रतिष्ठा होती पण तिचा उपयोग उपाशी मरण्यापुरताच झाला. कुटुंब ‘पेनेस’ होऊ शकले नाही म्हणून ‘प्तोखोस’ झाले. त्याच वृत्तांतात आणखी एक नोंद आहे, तिच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष जायला हवे. पुराणिक संस्कृत वाचीत, लोक ऐकत, दक्षिणा ठेवीत. वाचलेल्याचा अर्थ देशी भाषेत सांगण्याची गरज सहसा कोणाला वाटत नसे. न समजणारे शब्द कानावर पडणे हेच पुण्य. या नोंदीचा धागा पुढे पुन्हा हाती येतो.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची कारणमीमांसा अनेकांनी केली आहे. प्रस्तुत विषयापुरता एक प्रसंग पुरेसा आहे. लंडनमधील फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनींनी चालवलेले एक गृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे काळजी घेतली जाई. अशा स्त्रियांविषयी कोणाला कळवळा वाटावा, हेच रमाबाईंना नवीन होते. कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. त्या कथेत येशू त्या स्त्रीला प्रथम काही देत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. देणारा आधी मागणारा होतो. माझ्या मते दारिद्र्याच्या ख्रिस्ती आकलनाचे मर्म इथे आहे : ज्याला मदत करायची त्याच्याजवळही देण्यासारखे काही आहे, हे आधी मान्य करणे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. मुदत संपल्यावर काय, या चिंतेतून केडगावला जमीन घेण्यात आली. फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा हेतू होता. परक्या दानावर उभी असलेली संस्था स्वतःही एका अर्थाने याचकच असते, याची जाणीव या व्यवहारी निर्णयामागे दिसते.

बागेने मूळ धरण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील सरकारी गरीबखाने आणि मदतकामांवरची गर्दी त्यांनी पाहिली. निराधार मुलींवर टपून बसलेली माणसेही पाहिली. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांची सोय केडगावला करावी लागली आणि ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्याकडून आणखी शेकडो जणी आल्या.

‘मुक्ती’चे वेगळेपण आकड्यांत नाही, दिनक्रमात आहे. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, तेलघाणा फिरला, छापखाना उभा राहिला. लिहिणे-वाचणे आणि हाताचे काम ही दोन्ही प्रत्येकीच्या वाट्याला आली. शास्त्रीबुवांच्या घरात जी गोष्ट अशक्य ठरली होती, तीच येथे नियम झाली. टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. त्यामागे फुलहॅमची आठवण स्पष्ट आहे. अंध स्त्रियांच्या घराला ‘बार्तीमी सदन’ असे नाव मिळाले. बार्तीमय हा मार्कच्या शुभवर्तमानातील, यरीहोच्या वाटेवर भीक मागणारा आंधळा. त्याच्या नावाच्या घरात मात्र भीक नव्हती. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल लिपी आणली, आणि अंध स्त्रिया बोटांनी वाचू लागल्या. याचकाचे नाव राखून याचना संपवणे, असा हा प्रवास होता.

मदत म्हणजे निमूटपणे जखमा बांधणे, असेही रमाबाईंनी मानले नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, ही गोष्ट त्यांच्या आड आली नाही.

आता अडचणीच्या प्रश्नाकडे वळू. शारदा सदनात धार्मिक तटस्थता पाळण्याचे आश्वासन होते. ते पाळले जात नाही, या आरोपावरून १८९३ साली मोठे वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘मुक्ती’ तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. ज्या मुलीला भाकरी, छप्पर आणि संरक्षण एकाच दारात मिळाले, तिने त्या दाराचा धर्म स्वीकारला, तर त्या स्वीकाराला स्वातंत्र्य म्हणता येईल काय? भुकेल्याची संमती पूर्ण मोकळी नसते. रमाबाईंच्या श्रद्धेच्या प्रामाणिकपणाने हा प्रश्न मिटत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या जखमीला त्याचा धर्म कोणी विचारत नाही. खाणावळवाल्याला पैसे देऊन शोमरोनी आपल्या वाटेने निघून जातो. संस्थेला असे निघून जाता येत नाही. ती थांबते, वाढवते, घडवते, आणि घडवताना आपल्यासारखे घडवते. दुसऱ्या बाजूने हेही विचारावे लागते की, त्या मुलींना निवडीचे दुसरे कोणते दार त्या वेळी उघडे होते. टीका करणाऱ्या समाजाने तशी दारे पुरेशा संख्येने उघडली असती, तर त्याच्या टीकेचे वजन अधिक वाढले असते.

या प्रश्नाची दुसरी बाजू ख्रिस्ती समाजाच्या आतून मांडली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. मिशनचा पगार आणि मिशनचा शब्द यांच्या छायेत देशी ख्रिस्ती माणूस कायमचा आश्रित राहील, ही त्यांची खंत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोन वर्षांतच त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग अपुरा राहिला. पण मदत घेणाऱ्याला कायम घेणाराच ठेवणारी मदत ही दारिद्र्याचेच दुसरे रूप असते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

शेवटी भाषेच्या धाग्याकडे येऊ. आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी हे काम हातावेगळे झाले होते. अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी साधी मराठी हे त्यांचे ध्येय होते, आणि ‘मुक्ती’तील स्त्रियांनीच ‘मुक्ती’च्या छापखान्यात ते छापले. या भाषांतराच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद होऊ शकतात. पण न कळणाऱ्या संस्कृतावर ज्या घराचा चरितार्थ चालला, त्या घरातील मुलीने कळणारी भाषा हे गरिबाचे देणे मानले, आणि एकेकाळी दुष्काळात वेचून आणलेल्या हातांनी त्या भाषेचे खिळे जुळवले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात एका ओळीहून अधिक जागेची हक्कदार आहे.

चर्चने गरिबासाठी काय करावे, याचे केडगावने दिलेले उत्तर म्हणूनच तीन पायऱ्यांचे आहे : आधी भाकरी, मग कष्टाचे साधन, मग भाषा. चौथी पायरी, म्हणजे घेणाऱ्याला देणाऱ्याच्या छायेतून मोकळे करणे, ही टिळकांना दिसली होती. संस्थेचे नाव मात्र रमाबाईंनी पहिल्याच दिवशी त्या पायरीवरून ठेवले होते.