इंजिनिअर गेल्यावर पाणी कोणाच्या हाती?

पाण्याच्या खेपा तुम्हाला काही नव्या नाहीत. आज मात्र आपण दूरदेशीच्या खेपांविषयी बोलू, आणि त्या थांबवायला निघालेल्या इंजिनिअर मंडळींविषयीही.

मेक्सिकोच्या शेजारी समुद्रकाठाला बेलीझ नावाचा चिमुकला देश आहे. तिथं सान पाब्लो हे माया लोकांचं गाव, वस्ती अडीचशेच्या आसपास. २००० साली गावात ना वीज होती, ना नळ. नदीवरून पाणी आणायचं काम लहान मुलींकडं, म्हणून शाळा बुडायची तीही मुलींचीच. आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण बेलीझच्या शेती खात्यातल्या एका माणसाच्या बोलावण्यावरून बर्नार्ड आमादेई तिथं गेले आणि त्यांना ते डाचलं. हे मूळचे फ्रान्सचे, अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक. पुढच्या वर्षी ते आठ विद्यार्थी आणि एक जाणकार इंजिनिअर घेऊन परत आले.

गावाजवळ धबधबा होता. तिथं त्यांनी रॅम पंप बसवला. याला डिझेल लागत नाही, वीज लागत नाही. धावत्या पाण्याचा नळ एकदम बंद केला तर पाइपात ठक् असा दणका बसतो ना, त्याच दणक्यावर हा पंप चालतो. उतारावरून पाणी जोरात येतं, झडप खाडकन मिटते, आणि दणक्यासरशी थोडं पाणी वरच्या पाइपात ढकललं जातं. झडप पुन्हा उघडते, पुन्हा मिटते, रात्रंदिवस. बरंचसं पाणी वाहून जातं, थोडंच वर चढतं, पण चढत राहतं. फ्रान्समध्ये १७९६ साली मोंगोल्फिए यांनी ही युक्ती काढली. गरम हवेचा फुगा आकाशात सोडणारं घराणं ते हेच! सान पाब्लोत मजुरी गावकऱ्यांची होती, सामान जमेल तितकं तिथलंच. एकूण खर्च १४,००० डॉलर, तेव्हाच्या दरानं साडेसहा लाख रुपयांच्या आसपास.

या कामातून २००२ साली अमेरिकेत ‘सीमेपलीकडचे अभियंते’ अशा अर्थाच्या नावाची संस्था उभी राहिली. फ्रान्समध्ये त्याच अर्थाच्या नावाची संघटना १९८२ पासूनच होती, कॅनडातही एक निघाली होती. विद्यार्थी आणि नोकरदार इंजिनिअर सुट्टी काढून परक्या गावात जायचे, पाइप टाकायचे, टाक्या बांधायचे. पगाराविना राबणाऱ्या माणसांविषयी आम्हाला आदरच आहे. पण आलेला माणूस परत जाणार, आणि वायसर तर कधीतरी झिजणारच.

परदेशी मदतीतून आलेली सगळीच यंत्रं सान पाब्लोसारखी सोयीची नव्हती. दक्षिण आफ्रिकेत मुलांचं गोल फिरणारं चक्र पंपाला जोडायची कल्पना निघाली होती. पोरं खेळतील, पाणी आपोआप वर चढेल! ऐकायला किती गोड! २००६ साली अमेरिकेत तिच्यासाठी मोठ्या देणग्या जाहीर झाल्या. मलावी देशातही ही चक्रं बसली, काही ठिकाणी तर चांगला चालता हापसा काढून. पोरं खेळून खेळून किती खेळणार? उरलेला वेळ बाया ते चक्र वाकून ढकलत बसल्या. तिथं गेलेल्या कॅनडाच्या एका स्वयंसेवक इंजिनिअरनं वीस लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ लावलं. चक्रावर बादली भरायला तीन मिनिटांच्या वर गेली, हापशावर अर्धा मिनिट. नवीन काही न बांधता, नुसतं बाईशेजारी उभं राहून केलेलं हे काम आम्हाला फार मोलाचं वाटतं. कॅनडाची ही संस्था २००८ पासून स्वतःच्या फसलेल्या कामांचा अहवाल दर वर्षी छापू लागली, हेही सांगायला हवं.

आता हापशाचं बोलू, कारण त्याच्या गोष्टीत आपला मुलूखही आहे. सुरुवातीला आपल्याकडं बसले ते बिडाचे पंप. मूळ नमुना युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबापुरता. त्यावर अख्खं गाव तुटून पडल्यावर तो टिकणार कसा? जालन्यात परदेशी मिशनची माणसं बोअर घेत होती. बिडाचे पंप मोडतात हे पाहून तिथं पोलादी पंप तयार झाला, मग सोलापुरात त्यात सुधारणा झाली. या सोलापुरी पंपावरून १९७० च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांनी ‘इंडिया मार्क टू’ घडवला. दांडा खाली दाबला की डोक्यातली साखळी ओढली जाते, तोच हा हापसा. पुढं तो आफ्रिकेतही गावोगावी गेला. बाहेरच्या माणसांच्या हातून सुरू झालेली वस्तू आपल्या मातीत पक्की झाली आणि इथून परदेशी निघाली.

त्याची एक खोड मात्र राहिली. खालचा वायसर बदलायचा तर लोखंडी पाइप सगळे वर ओढावे लागतात. जड काम, म्हणून ते पुरुषाचंच, असं ठरून गेलं. तालुक्याचा मेकॅनिक येईपर्यंत बायांच्या खेपा दुरून. पुढं ‘मार्क थ्री’मध्ये पाइप न काढता आतला दट्ट्या वर घेण्याची सोय झाली. पण त्याची वाट न पाहता १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात ‘महिला समाख्या’ कार्यक्रमानं बायांनाच हापशाची दुरुस्ती शिकवली. बऱ्याच जणी दलित आणि कोल आदिवासी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पाने, साखळ्या घेऊन त्या गावोगाव जाऊ लागल्या, जड पाइप चौघीपाचजणी मिळून ओढू लागल्या. कोणता पंप कधी उघडला, काय बदललं, याची नोंद ठेवायची तर लिहिता यायला हवं, म्हणून त्यांनी अक्षरं शिकवा असा हट्ट धरला. मग त्याच भागातल्या नवशिक्या बायांनी आपलं एक पत्रक काढलं. नाव ठेवलं ‘महिला डाकिया’.