एका मांडवातली माणसे

राष्ट्रसभेचा इतिहास आपण बहुधा ठरावांच्या अनुक्रमाने वाचतो. अमुक साली अमुक मागणी झाली, पुढल्या साली तीच अधिक कडक शब्दांत केली गेली, असा तो हिशेब असतो. परंतु अधिवेशन म्हणजे केवळ ठराव नव्हेत. ज्यांची नावे वर्तमानपत्रांत वाचली त्यांना तेथे प्रत्यक्ष पाहायला मिळते. आणि गावात ज्यांच्याशी वाद चालू असतो, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसावे लागते. या दृष्टीने १८८९ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेले पाचवे अधिवेशन पाहण्यासारखे आहे.

चार वर्षांपूर्वी याच शहरात, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, राष्ट्रसभेची पहिली बैठक झाली तेव्हा प्रतिनिधी होते अवघे ७२. या वेळी योगायोग असा की, जो सनाचा आकडा तोच प्रतिनिधींचा : १,८८९. अध्यक्षस्थानी होते मुंबई इलाख्यात सनदी नोकरी करून निवृत्त झालेले आणि कर्जात बुडालेल्या रयतेविषयी मनापासून कळवळा असलेले सर विल्यम वेडरबर्न. पण लोकांचे डोळे लागले होते चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्याकडे. हा उघड नास्तिक. १८८० मध्ये नॉर्थँप्टनच्या मतदारांनी निवडून दिलेला. पण शपथेच्या वादामुळे पार्लमेंटने त्याला पुनःपुन्हा बाहेर ठेवले. मतदारांनी त्याला पुनःपुन्हा निवडून दिले आणि १८८६ मध्ये अखेर त्याला जागा मिळाली. जबर दुखण्यातून उठून तो मुंबईला आला होता. ईश्वर न मानणाऱ्या त्या परदेशी माणसाचे स्वागत आमच्या श्रद्धाळू मंडळींनी मोठ्या प्रेमाने केले. त्यानेही ते व्यर्थ जाऊ दिले नाही. परत जाताच १८९० मध्ये त्याने कायदे कौन्सिलांच्या सुधारणेचे विधेयक पार्लमेंटात आणले. ते संमत झाले नाही, आणि १८९१ च्या जानेवारीत तो वारला.

त्याच मांडवात दहा स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. पंडिता रमाबाई त्यांच्यातल्या एक. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले होते. दुसऱ्या होत्या वैद्यकी करणाऱ्या कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली. त्या काळी सुशिक्षित घरांतही बायका परक्या पुरुषांसमोर येत नसत. ठराव कोणताही होवो, त्या दहा जणींचे तेथे बसणे हीच एक घटना होती.

आपल्या पुण्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत लक्षणीय भेट वेगळीच. टिळक तेव्हा ३३ वर्षांचे, गोखले २३ वर्षांचे. दोघेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. पण मने दुरावलेली. आगरकरांनी ‘सुधारक’ काढला होता आणि त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळत. ‘केसरी’शी त्याचे वाजतच असे. अशा वेळी कौन्सिलांच्या योजनेवर टिळक एक उपसूचना मांडण्यास उठले : वरिष्ठ कौन्सिलाचे सभासद प्रांतिक कौन्सिलांच्या निवडून आलेल्या सभासदांनीच निवडावेत. त्या उपसूचनेला अनुमोदन दिले गोखल्यांनी! उपसूचना पडली. पण घरचे भांडण बाहेर ठेवून मुद्द्यापुरते एकत्र येता येते, हे दोघांनी दाखविले. पुढल्याच वर्षी टिळकांनी सोसायटी सोडली.

अठरा वर्षांनी, २७ डिसेंबर १९०७ रोजी, सुरतेच्या मांडवात टिळक पुन्हा उपसूचना घेऊन व्यासपीठावर चढले. या वेळी गोखले विरुद्ध पक्षात होते. टिळकांना बोलण्याची परवानगी नाकारली गेली. ते हाताची घडी घालून जागीच उभे राहिले. गलका झाला, एक जोडा भिरभिरत आला आणि तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या उचलल्या गेल्या, तरुण टिळकांच्या अंगावर धावून आले. तेव्हा त्यांच्या शेजारी दोन्ही हात पसरून त्यांना आडोसा देत कोण उभे राहिले? गोखले. हे आपल्याकडच्या कोणा अनुयायाने नव्हे, तर तेथे हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने लिहून ठेवले आहे.

सुरतेची फूट आपण शाळेतच शिकतो. हे पसरलेले हात मात्र क्वचितच कोणी सांगतो. मतभेद खोटे नव्हते, आणि ते मिटलेही नाहीत. राष्ट्रसभा नऊ वर्षे दुभंगलेली राहिली. लखनौला १९१६ मध्ये दोन्ही पक्ष एकत्र आले, तेव्हा गोखले हयात नव्हते. १९१५ च्या फेब्रुवारीत ते गेले, त्या वेळी टिळक सिंहगडावरून खाली उतरले आणि स्मशानात आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याविषयी गौरवाने बोलले.

पक्षाभिमान हवाच, त्यावाचून सार्वजनिक काम चालत नाही. पण प्रतिपक्षाचा माणूस संकटात दिसला असता आपले हात खुर्ची उचलण्यासाठी पुढे होतात की त्याला आडोसा देण्यासाठी, हा प्रश्न प्रत्येक पिढीला तिच्या मांडवात सोडवावा लागतो.